कागदाचे गाव, गावाचा कागद

वाचकहो, हा अंक हाती आल्यावर आपण आधी अनुक्रमणिका पाहता, मग लेखकाचे नाव आणि मग मजकूर. कागदाकडे कोणी पाहत नाही. तो कशाचा झाला, कुठल्या पाण्यात भिजला, कोणाच्या रानातून आला, हे विचारायचे कारणही सहसा पडत नाही. या व्याख्यानाचा विषय मात्र तोच आहे. कागदाभोवती वसलेल्या काही गावांची हकीकत मी सांगणार आहे. सुरुवात दूरदेशीच्या एका गावापासून होईल, शेवट आपल्या जोयडा तालुक्यात होईल, आणि जाता जाता आपणापाशी एक मागणेही करीन.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराच्या वायव्येस विसाहिकन नावाची एक छोटी नदी आहे. तिला येऊन मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी १६९० साली विल्यम रिटनहाउस याने कागदाची गिरणी घातली. हा मूळचा जर्मनीतला, मेनोनाइट पंथाचा. शस्त्र हाती न धरणे हे त्या पंथाचे व्रत. कागदाचा धंदा तो हॉलंडात शिकला होता. छापखानेवाला विल्यम ब्रॅडफर्ड आणि आणखी काही भागीदार त्याच्यासोबत होते. अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींमधली ही पहिली कागद गिरणी. गिरणी म्हटल्यावर धुरांडे डोळ्यांपुढे आणू नये. ओढ्याच्या पाण्यावर फिरणारे चाक, त्या चाकाने उचलले जाणारे लाकडी हातोडे आणि त्यांच्याखाली कुटल्या जाणाऱ्या चिंध्या, एवढाच तो कारखाना होता. तागाच्या जुन्या कापडाच्या चिंध्या भिजवून, कुजवून, कुटून त्यांचा लगदा करायचा; तो पाण्यात कालवून जाळीच्या साच्याने उचलायचा; एकेक ताव दाबून वाळवायचा. पुढे पुरात ही गिरणी वाहून गेली, ती पुन्हा बांधली गेली. विल्यमनंतर मुलगा निकोलस, मग नातवंडे असा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. त्याचा पणतू डेव्हिड रिटनहाउस १७३२ साली याच वस्तीत जन्मला. तो नामांकित खगोलवेत्ता आणि अमेरिकेच्या टांकसाळीचा पहिला संचालक झाला. दीडशे वर्षांत ओढ्याकाठी चाळीसहून अधिक इमारती उभ्या राहिल्या.

त्यानंतर कागदाचे शास्त्र बदलले. फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस अखंड पट्टा काढणारे यंत्र निघाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत लाकूड घासून लगदा करण्याची रीत निघाली. चिंध्यांची आणि ओढ्याची मातब्बरी संपली. फिलाडेल्फिया शहराने पिण्याचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून विसाहिकनचे खोरे उद्यानासाठी ताब्यात घेतले आणि नदीकाठच्या गिरण्या हळूहळू पाडल्या. रिटनहाउस वस्तीतली मोजकी दगडी घरे तेवढी उरली. आज ती जपलेली आहेत. १९९२ साली त्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. शाळेची मुले तिथे जातात आणि जुन्या रीतीने कागद कसा होत असे ते पाहतात.

हे वाचून हेवा वाटेल, पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गाव जपले गेले, गिरणी मात्र जपली गेली नाही. जे टिकले ते मालकाचे घर. चिंध्या गोळा करणाऱ्यांची, हौदात हात घालून आयुष्य काढणाऱ्यांची नावे त्या मानाने फार थोडी राहिली. जपणूक म्हटली की आपोआप असे होते. दगड राहतो, माणूस गळतो.

आपल्याकडेही कागदाची गावे होती. त्यांतले सर्वांत ठळक दौलताबाद आणि खुलताबाद यांच्यामधले कागझीपुरा. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी देवगिरीला आणली, तेव्हा दिल्लीकडून आलेल्या लोकांत कागदी होते, अशी परंपरा तिथे सांगतात. गावाच्या नावातच धंदा आहे. जुन्नरचा कागदही नावाजलेला होता आणि पुण्यात कसब्यालगत कागदीपुरा वसला. चिंध्या, जुनी दोरखंडे, तागाची पोती हा कच्चा माल. तो चुन्यात मुरवायचा, कुटायचा, नदीत धुवायचा, हौदात कालवायचा, आणि गवताच्या काड्यांच्या बारीक चटईवर एकेक ताव उचलायचा. मग खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा. तेव्हा कुठे त्यावर बोरू अडखळल्याशिवाय चालत असे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधून ठेवलेले मोडी कागद आजही वाचता येतात, याचे श्रेय लिहिणाऱ्या कारकुनाइतकेच त्या घोटणाऱ्या हातालाही आहे. दफ्तरात कारकुनाचे नाव कधीमधी सापडते, कागद्याचे क्वचितच.

१८८५ साली पुण्याजवळ मुंढव्याला डेक्कन पेपर मिल निघाली. गिरणीचा स्वस्त कागद कचेऱ्यांत आणि शाळांत शिरला आणि हातकागदाचा बाजार बसला. पुढे १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला, त्याने हातकागद उचलून धरला. १९४० साली पुण्यात हातकागदाची संस्था उभी राहिली. ते प्रयत्न मोलाचे होते, पण कारखान्याची भूक त्यांनी भागण्यासारखी नव्हती. यंत्राला चिंध्या पुरत नाहीत. त्याला रान लागते.

रानाशी कागदाची गाठ नेमकी कुठे पडली, ते पाहू. बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानातल्या गिरण्या सबई नावाच्या गवतावर चालत. ते गवत पुरेसे मिळेना. तेव्हा डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत विल्यम रेट या तज्ज्ञाने बांबूपासून चांगला लगदा कसा काढावा यावर कित्येक वर्षे काम केले. १९२५ साली सरकारने बांबूच्या कागद उद्योगाला जकातीचे संरक्षण देणारा खास कायदा केला. म्हणजे देश स्वतंत्र होण्याच्या बरेच आधी कागदपत्री ठरून गेले होते, की हिंदुस्थानचा कागद यापुढे कळकाच्या बेटांतून येणार. ज्या तालुक्यात कळक जास्त, त्याच्याकडे गिरणी आज ना उद्या वळणारच होती.

आता आपण आपल्या अंगणात आलो. जोयड्याचे जुने नाव सुपा. काळी नदी इथेच डिग्गीच्या बाजूला उगवते आणि कारवारला समुद्राला मिळते. हा मुलूख १८६२ पर्यंत मद्रास इलाख्यात होता, मग मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेला. सुपा हा त्या वेळी हल्याळ तालुक्याचा पेटा होता. १८८३ च्या मुंबई गॅझेटियरच्या कॅनरा खंडात त्याचे वर्णन आहे.

इथे रानात राहणारे कुणबी, मराठे आणि इतर लोक कुमरी करीत. रानाचा तुकडा तोडायचा, जाळायचा, नाचणी-वरी पेरायची, आणि दोन-तीन वर्षांनी तो पडीक टाकून पुढे सरकायचे. मद्रासचा पहिला वनसंरक्षक ह्यू क्लेगहॉर्न हा पेशाने शल्यवैद्य होता. कुमरीने सागवानाचा नाश होतो असे त्याचे ठाम मत होते आणि १८६० च्या सुमारास कुमरीवर बंदी आली. १८७८ च्या वन कायद्याने रान राखीव करण्याचा रस्ता सोपा केला. ज्यांनी रानाला पाणवठ्या-देवराईंसकट नावे दिली होती, त्यांना त्याच रानात पाय ठेवायला परवाना लागू लागला. कालचा कुमरीवाला आज सरकारी तोडीवरचा मजूर झाला. त्याने तोडलेले सागवान दांडेलीच्या वखारीत साठू लागले आणि ते वाहून नेण्यासाठी अळणावरहून दांडेलीपर्यंत आगगाडीचा फाटा आला. त्याआधीच, १८८८ च्या सुमारास, मार्मागोव्याची लोहवाट घाट चढून कॅसलरॉकला पोचली होती. पोर्तुगीज आणि इंग्रज हद्दीवरचे ते ठाणे आपल्याच तालुक्यातले.

लाकडाची वखार, आगगाडी आणि बारमाही नदी या तीन गोष्टी जिथे एकत्र, तिथे कारखाना यायला उशीर लागत नाही. १९५५ साली वेस्ट कोस्ट पेपर मिल्स ही कंपनी स्थापन झाली. तेव्हा हा भाग अजून मुंबई राज्यातच होता. दशक संपायच्या आत दांडेलीत कागद निघू लागला. कारखान्याशेजारी बांगूरनगर वसले. क्वार्टर्स, शाळा, पुढे महाविद्यालय आणि दवाखाना, असे आखीव औद्योगिक नगर झाले. बेळगाव, खानापूर, हल्याळकडची कितीतरी मराठी घरे त्या भोंग्यावर उठली आणि निजली. तिथल्या नोकरीवर मुले शिकली, मुलींची लग्ने झाली. हे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण दुसरी बाजूही लिहायला हवी. गिरणीला सरकारने कळक दिला तो टनाला दीड रुपया या दराने. तोच कळक गावातल्या बुरुडाला, मेदाराला बाजारात शेकडो पटींनी महाग पडत होता. सूप, टोपली, कणगी, घराची कूड हे सगळे ज्यावर चालते, तो जिन्नस एकाला जवळजवळ फुकट आणि दुसऱ्याला सोन्याच्या मोलाने. सत्तरीच्या दशकात कळक संपत चालल्याची ओरड झाली. दोष आला बुरुडांवर आणि गुरे चारणाऱ्यांवर. तेव्हा बंगळुरूच्या विज्ञान संस्थेतले डॉ. माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी उत्तर कन्नडच्या रानात हिंडले, बेटे मोजली, माणसांना विचारले. कळकाच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांची गुंतागुंत असते. तोडायला सोपे जावे म्हणून गिरणीचे मजूर ती साफ करीत आणि मग उघडे पडलेले कोवळे कोंब साळिंदर, वानर आणि गुरे खाऊन टाकीत. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या काटे राखून वरचा बांबू काढत. त्यांचे बेट जगत असे, गिरणीचे मरत असे. रानातल्या अडाणी समजल्या गेलेल्या माणसाला जे ठाऊक होते, ते तोडीचा आराखडा करणाऱ्यांना ठाऊक नव्हते. कळक सरला तसा माल दूरदूरच्या मुलखांतून आणावा लागला. इथली सदाहरित रानेही तोडून निलगिरी लावून पाहिली, पण आपल्या पावसात तिच्यावर गुलाबी बुरशीचा रोग पडला.

ऐंशीच्या दशकात गणेशगुडीला काळीवर धरण झाले आणि सुप्याचा बाजार, कचेरी, देवळे, घरे पाण्याखाली गेली. तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, बरीच कुटुंबे रामनगरला जाऊन वसली. जुने सुपे काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर होते. मराठी गावगाड्यात काळी म्हणजे कसण्याची जमीन आणि पांढरी म्हणजे राहण्याची जागा. ज्या गावाच्या वेशीशी दोन नद्या नेमक्या ह्या नावांच्या होत्या, त्याची काळीही बुडाली आणि पांढरीही. रिटनहाउसचे गाव शहराने पाण्यासाठी घेतले तरी चार घरे ठेवली. सुप्याचे एकही राहिले नाही.

आता मुद्द्यावर येतो. २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. वनात राहणाऱ्यांना त्यांच्या वहिवाटीच्या जमिनीवर हक्क मिळावा हा त्याचा हेतू. अनुसूचित जमातींसाठी अट वेगळी आहे. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, आपण इथे राहत होतो असे दाखवावे लागते. गोव्यातल्या कुणब्यांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. डोंगराच्या अलीकडे, आपल्या बाजूला, त्याच नात्यागोत्यातल्या कुणब्यांची ही मागणी जुनी आहे, पण तो दर्जा त्यांना मिळालेला नाही. म्हणून जोयड्याच्या कुणब्याला १९३० चा पुरावा लागतो. ज्यांच्या रानातून देशाच्या वह्या, पुस्तके आणि कचेरीची दफ्तरे झाली, त्यांच्यापाशीच कागद नाही. कागदाच्या इतिहासात याहून मोठा विरोधाभास मला तरी आढळलेला नाही.

कायद्याच्या नियमांत मात्र एक सोय आहे, ती आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. पुरावा म्हणजे फक्त सातबाराचा किंवा पट्ट्याचा उतारा नव्हे. गॅझेटियर, जनगणना, मोजणीचे अहवाल, नकाशे, जुने परवाने चालतात. विहीर, स्मशान, देवस्थान यांच्या खुणा चालतात. वंशावळ चालते. आणि दावेदाराव्यतिरिक्त गावातल्या वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकीकतही चालते. कुठल्या तरी एकाच प्रकारच्या कागदावर अडून बसू नये, असेही नियम सांगतो.

हे वाचले तेव्हा मला माझाच धंदा आठवला. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी सांगून ठेवले आहे की, रुग्णाची हकीकत त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी, आपले शब्द त्यात घालू नयेत. गेली कित्येक वर्षे मी हे करीत आलो आहे. रानातून येणारा म्हातारा फाइल आणत नाही. "मोठा पाऊस झाला त्या साली ताप आला, तेव्हा आम्ही खालच्या वाडीत होतो," असे सांगतो. मी ताप लिहून घेत आलो, वाडी सोडून देत आलो. ती वाडी आज पाण्याखाली असेल तर तिच्या असण्याचा पुरावा त्या एका वाक्यात होता. हे आता उमगते, आणि त्यातले कितीतरी म्हातारे आता राहिले नाहीत.

कागद जपणे म्हणजे तो कुलपात ठेवणे, असा आपला समज असतो. याबाबतीत जैन समाजातले एक उदाहरण सांगतो. मूडबिद्रीच्या मठात धवला या थोर ग्रंथाच्या ताडपत्री पोथ्या शतकानुशतके कुलूपबंद होत्या. त्यांचे दर्शन होई, वाचन होत नसे. ताडपत्रे जीर्ण होत चालली तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, कागदावर नकला करण्याचे काम सुरू झाले. ते वर्षानुवर्षे चालले. त्या नकलांवरून १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांनी विदर्भातल्या अमरावतीहून धवलेचा पहिला खंड छापून प्रसिद्ध केला. आज ग्रंथ अभ्यासकांच्या हाती आहे तो त्या नकलाकारांमुळे. श्रुतपंचमीला आम्ही शास्त्राची पूजा करतो. मला वाटते, त्या दिवशी नक्कल करणाऱ्या हातालाही हळदकुंकू लावले पाहिजे.

म्हणून वाचकहो, आता माझे मागणे. आपली घरे या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कोणाचे आजोबा वखारीत कारकून होते, कोणी तोडीचा ठेका घेतला होता, कोणाचे दुकान सुप्याच्या बाजारात होते, कोणी शाळामास्तर होते. आपल्या माळ्यावरच्या पेटीत उधारीच्या वह्या असतील, मजुरांच्या हजेऱ्या असतील, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, देवस्थानाच्या वर्गणीच्या याद्या, कदाचित मोडीतले खतही असेल. आपल्याला ते कागद निरुपयोगी वाटतात, कारण त्यात आपल्या घराचे काही येणेदेणे उरलेले नाही. पण १९२८ सालच्या उधारीच्या वहीत एखाद्या वाडीचे आणि तिथल्या माणसाचे नाव मिठाच्या किंवा कापडाच्या हिशेबापुढे लिहिलेले असेल, तर त्या माणसाच्या नातवाला दावा मांडायला तेवढा आधार मिळू शकतो. ते कागद रद्दीवाल्याला देऊ नका. रद्दी पुन्हा लगद्यात जाते आणि त्यावरची नावे धुतली जातात.

पेटी उघडा. दिसेल ते मोबाइलवर टिपून ठेवा आणि मूळ कागद कापडात बांधा. मोडी वाचणारे बेळगाव, कोल्हापूर, पुण्यात आहेत, त्यांना दाखवा. ज्या वाडीचे नाव सापडेल त्या वाडीला कळवा. आणि घरातल्या किंवा शेजारच्या ऐंशी-नव्वदीच्या माणसापाशी एक संध्याकाळ बसून, तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून, लिहून घ्या. ग्रामसभेपुढे तो कागद ठेवता येतो.

फिलाडेल्फियाच्या लोकांनी कागदाच्या गावातली घरे जपली. आपल्याकडे जपण्याजोगी घरे फारशी उरली नाहीत. गाव कोणाचे होते ते मात्र अजून लिहून ठेवता येते. सांगणारी माणसे थोडी आहेत आणि थकली आहेत, तेव्हा हे काम पुढच्या पावसाळ्यावर टाकू नका.